परागंदा लेखणी : त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा

भारतातील पहिला छापखाना १५५६ साली गोव्यात आला. पुढे साठ वर्षांनी, १६१६ मध्ये, फादर स्टीफन्स यांचे मराठी ख्रिस्तपुराण रोमन लिपीत का होईना, पण याच भूमीत छापले गेले. गोव्याचे पहिले वृत्तपत्र ‘गाझेत द गोवा’ १८२१ साली निघाले. मुद्रणाचा इतका जुना वारसा सांगणाऱ्या या भूमीला विसाव्या शतकाच्या मध्यावर मात्र स्वतःची खरी बातमी स्वतःच्या घरात छापता येत नव्हती. गोव्यात काय चालले आहे हे गोव्याला कळावे म्हणून ते मुंबईत, बेळगावात, कधी पॅरिसमध्ये लिहावे लागे आणि मग सीमा ओलांडून लपतछपत परत आणावे लागे. हे काम ज्यांनी दीर्घकाळ आणि अव्यभिचारी निष्ठेने केले, त्यांत त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा यांचे नाव अग्रभागी आहे. गोमंतकीय राष्ट्रवादाचे जनक म्हणून ते ओळखले जातात. परंतु या बिरुदामागे एक परागंदा पत्रकार उभा आहे, याचे स्मरण क्वचितच केले जाते.

कुन्हा यांचा जन्म २ एप्रिल १८९१ रोजी सासष्टीतील चांदोर या गावी झाला. चांदोर म्हणजे कदंबांच्या राजधानीचे प्राचीन चंद्रपूर. घराणे सधन, सुशिक्षित आणि पोर्तुगीज वाङ्मयात मुरलेले. सासष्टी, बारदेश आणि तिसवाडी हे जुन्या काबिजादींचे तालुके सोळाव्या शतकापासून पोर्तुगीज अमलाखाली होते. तेथील ख्रिस्ती उच्चवर्गाच्या घरात लिस्बनची पुस्तके आणि लिस्बनचे रीतिरिवाज सहज वावरत. याउलट पेडणे, डिचोली, सत्तरी हे तालुके अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीजांकडे आले. तेथे देवळांतील कीर्तने, पंतोजींच्या शाळा, पोथ्या आणि सावंतवाडीशी असलेले जुने नातेसंबंध अखंड चालू राहिले. एकाच गोव्यात असे दोन गोवे शेजारी शेजारी नांदत होते आणि परस्परांशी त्यांचा परिचय बेताचाच होता. चांदोरच्या वाड्यात वाढलेल्या या मुलाने पुढे या दोन्ही गोव्यांना एकाच प्रश्नाचे भागीदार मानले, ही त्यांच्या जीवनातील पहिली विशेष गोष्ट होय.

पणजीतील आरंभीच्या शिक्षणानंतर ते पाँडिचेरीस गेले. तेथे फ्रेंच माध्यमातून शिक्षण पुरे करून १९१२ साली त्यांनी पॅरिस गाठले आणि विद्युत अभियांत्रिकीचा अभ्यास केला. एका युरोपीय सत्तेच्या प्रजाजनाने दुसऱ्या युरोपीय सत्तेच्या वसाहतीत शिकावे आणि तिच्याच राजधानीत जाऊन साम्राज्यशाहीविरुद्ध लिहायला लागावे, असा हा योग होता. फ्रेंच भाषा त्यांनी केवळ परीक्षेपुरती शिकली नव्हती. त्या भाषेतून त्यांना युरोपातील नव्या विचारांचा, कामगार चळवळींचा आणि युद्धविरोधी साहित्याचा परिचय झाला. पहिले महायुद्ध त्यांनी पॅरिसमध्ये असताना पाहिले. सुसंस्कृत म्हणविणारी राष्ट्रे परस्परांची कत्तल करीत असताना आशियाला सभ्यता शिकविण्याचा त्यांचा दावा कितपत टिकतो, हा प्रश्न त्या पिढीतील अनेक तरुणांप्रमाणे त्यांनाही पडला.

रोमाँ रोलाँ यांच्या भोवतालच्या वर्तुळाशी त्यांचा संबंध आला. ‘ल्युमानिते’, ‘क्लार्ते’, ‘युरोप’ यांसारख्या फ्रेंच पत्रांतून त्यांनी हिंदुस्थानविषयी लेखन केले. या लेखनाचे मोल समजण्यासाठी त्या काळची वृत्तव्यवस्था ध्यानात घ्यावी लागेल. हिंदुस्थानातील घटना युरोपच्या वाचकाला कळत त्या प्रामुख्याने लंडनमार्गे. जी बातमी ब्रिटिश सत्तेला गैरसोयीची, ती वाटेतच क्षीण होई. जालियनवाला बागेच्या हत्याकांडानंतर आणि असहकाराच्या चळवळीच्या काळात हिंदी बाजू फ्रेंच वाचकांपुढे मांडणारी माणसे थोडी होती. कुन्हा त्यांपैकी एक होते. परदेशी राहणाऱ्या हिंदी माणसाने केवळ आपल्या उत्कर्षाची चिंता न करता यजमान देशाच्या भाषेत आपल्या देशाची बाजू मांडली पाहिजे, हा धडा त्यांनी तेथे घेतला आणि तो जन्मभर गिरवला. दादाभाई नौरोजींनी लंडनमध्ये, श्यामजी कृष्ण वर्मा यांनी लंडन-पॅरिसमध्ये आणि गदर पक्षाच्या लोकांनी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर जे काम मुद्रित शब्दाच्या बळावर केले, त्याच परंपरेत कुन्हा यांची पॅरिसमधील चौदा वर्षे जमा केली पाहिजेत.

१९२६ साली ते गोव्यात परतले. त्यांचे मेहुणे लुईस द मिनेझिस ब्रागांझा हे त्या वेळी गोव्यातील पत्रसृष्टीचे अध्वर्यू होते. १९०० साली सुरू झालेल्या ‘ओ हेराल्दो’ या दैनिकाच्या उभारणीत आणि १९११ च्या ‘ओ देबात’ या पत्रातून मिनेझिस ब्रागांझा यांनी निर्भीड लेखनाचा आदर्श घालून दिला होता. १९१० मध्ये पोर्तुगालात राजसत्ता जाऊन प्रजासत्ताक आले होते. त्या बदलाने गोव्यातील हिंदूंना नागरी हक्कांचे दार प्रथमच खऱ्या अर्थाने उघडले आणि वृत्तपत्रांनाही मोकळा श्वास घेता आला. हेगडे देसाई यांचे ‘भारत’ पत्र याच वातावरणात वाढले. परंतु कुन्हा परतले त्याच वर्षी, मे १९२६ मध्ये, पोर्तुगालात लष्करी उठाव होऊन ते प्रजासत्ताक कोसळले. त्यामागून सालाझार यांची हुकूमशाही आली.

अशा प्रतिकूल मुहूर्तावर १९२८ साली कुन्हा यांनी गोवा काँग्रेस समितीची स्थापना केली. त्याच वर्षीच्या कलकत्ता अधिवेशनात तिला राष्ट्रीय सभेची संलग्नता मिळाली. गोव्याचा प्रश्न हा भारताच्या स्वातंत्र्याच्या प्रश्नाचाच एक भाग आहे, ही गोष्ट आज उघड वाटते. त्या काळी ती तशी नव्हती. गोव्यातील अनेक बुद्धिमंतांची झेप पोर्तुगालच्या छत्राखाली अधिक अधिकार मिळविण्यापलीकडे जात नव्हती. ब्रिटिश हिंदुस्थानातील नेत्यांनाही गोवा हा एक किरकोळ कोपरा वाटे. कुन्हा यांना या दोन्ही आघाड्यांवर समजूत घालावी लागली. १९३४ मध्ये राष्ट्रीय सभेने आपल्या नव्या घटनेनुसार ब्रिटिश हिंदुस्थानाबाहेरील समित्यांची संलग्नता रद्द केली, तेव्हा गोवा समितीही बाहेर पडली. हा आघात त्यांनी सोसला, परंतु भूमिका बदलली नाही. १९३८ साली सुभाषचंद्र बोस यांच्या सल्ल्याने समितीचे काम मुंबईतून पुन्हा सुरू झाले.

१९३० च्या वसाहत कायद्याने पोर्तुगीज वसाहतींतील जनतेचे दुय्यम स्थान कागदोपत्री पक्के केले. त्याच वर्षी जुलैमध्ये मिनेझिस ब्रागांझा यांनी गोव्याच्या विधिमंडळात स्वयंनिर्णयाच्या हक्काचा ठराव मांडून त्या कायद्याला उत्तर दिले. सत्तेने आपले उत्तर सेन्सॉरच्या कचेरीतून दिले. छापण्यापूर्वी प्रत्येक मजकूर तपासून घेण्याची सक्ती झाली. ही तपासणी लग्नपत्रिकांनाही सोडत नसे. वृत्तपत्रे एकामागून एक निस्तेज झाली किंवा बंद पडली. १९३८ साली मिनेझिस ब्रागांझा निवर्तले आणि गोव्यातील मुक्त पत्रकारितेचे एक पर्व संपले. यापुढे गोव्याविषयी खरे लिहायचे तर गोव्याबाहेर छापणे भाग होते.

कुन्हा यांच्या पुस्तिका याच गरजेतून आल्या. परकीय राजवटीची चारशे वर्षे हा त्यांच्या एका पुस्तिकेचा विषय होता. तीत त्यांनी गोव्याच्या दारिद्र्याचा हिशेब मांडला, आणि येथेच त्यांच्या विचाराचा संबंध पेडणे-डिचोलीच्या घराघरांशी येतो. गोव्याची आयात निर्यातीपेक्षा कितीतरी अधिक असे. भात पुरेसे पिकत नसे, उद्योग नव्हते. तरीही राज्यकारभार चालत होता आणि बाजारपेठेत परदेशी माल दिसत होता. हा पैसा कोठून येई? तो येई परगावी गेलेल्या गोमंतकीयाच्या घामातून. मुंबईच्या गोदीत उतरलेला तारवटी, धोबीतलावच्या कुडीत राहून आचाऱ्याचे किंवा वादकाचे काम करणारा बारदेशकर, पूर्व आफ्रिकेतील कारकून हे सर्व दरमहा घरी पैसे पाठवीत. पेडणे आणि डिचोलीची वाट वेगळी होती. तेथील तरुण बांद्यावरून किंवा दोडामार्गावरून चालत सावंतवाडीकडे जाई आणि तेथून मुंबई गाठी. दुकानात, पेढीवर, गिरणीत, शाळेत किंवा नाटक मंडळीत त्याला आसरा मिळे. पेडणे तालुक्यातील लाड कुटुंबाचा एक मुलगा याच वाटेने एकोणिसाव्या शतकात मुंबईस गेला आणि डॉक्टर भाऊ दाजी म्हणून कीर्तिमान झाला. परंतु प्रत्येक भाऊ दाजींमागे अशी शेकडो माणसे होती, ज्यांच्या नशिबी कीर्ती नव्हती, केवळ मनिऑर्डरीची पावती होती.

स्थलांतराची ही कहाणी गोव्यात बहुधा अभिमानाने सांगितली जाई. आमची माणसे जगभर पसरली, त्यांनी नाव काढले, हा तिचा सूर. कुन्हा यांनी तीच कहाणी राजवटीवरील आरोपपत्र म्हणून वाचली. आपल्या भूमीत पोट भरत नाही म्हणून जेथील माणूस देशोधडीला लागतो, तेथील राज्यकर्त्याला त्या माणसाच्या यशाचे श्रेय घेता येत नाही. उलट त्या माणसाने पाठविलेल्या पैशामुळे राज्यकर्त्याचे अपयश झाकले जाते आणि त्याची सत्ता टिकते. परदेशस्थ बांधवांना हे ऐकणे सुखाचे नव्हते. आपण घर चालवितो असे ज्याला वाटत होते, त्याला आपण नकळत तुरुंगाची भिंतही लिंपीत आहोत असे सांगणे कठोर होते. परंतु कुन्हा आपल्या वाचकाची खुशामत करण्यासाठी लिहीत नव्हते.

त्यांच्या दृष्टीतून सर्वांत उपेक्षित स्थलांतरितही सुटला नाही. गोव्यातील कुणबी मजुरांना भरती करून आसामच्या चहामळ्यांत पाठविले जात असे. भाषा अनोळखी, हवा प्रतिकूल, करार काय लिहिला आहे हे वाचता येत नाही आणि परत येण्यासाठी गाठीला पैसा नाही, अशी त्यांची अवस्था होई. या भरतीविरुद्ध कुन्हा यांनी आवाज उठविला आणि त्या मजुरांना परत आणण्यासाठी खटपट केली. चांदोरच्या वाड्यातील माणसाने कुणब्याच्या कराराकडे लक्ष द्यावे, ही त्या काळच्या गोव्यात साधी गोष्ट नव्हती.

१९४४ साली त्यांची सर्वाधिक गाजलेली पुस्तिका प्रसिद्ध झाली. गोमंतकीयांचे राष्ट्रीयत्व कसे पुसले गेले, हा तिचा विषय. बळजबरीची धर्मांतरे, इन्क्विझिशन, देवळांचा विध्वंस, स्थानिक भाषांवरील बंदी आणि परकीय शिक्षण यांच्या योगाने गोव्यातील एका वर्गाला आपल्याच भूमीत परके कसे करण्यात आले, याची मीमांसा त्यांनी केली. स्वतः ख्रिस्ती कुळात जन्मलेल्या आणि पोर्तुगीजवर प्रभुत्व असलेल्या माणसाने ही मीमांसा करावी, याला विशेष अर्थ होता. ती त्यांच्या आप्तस्वकीयांविषयीच होती. या पुस्तिकेचा प्रतिवाद तेव्हाही झाला आणि पुढेही होत राहिला. चारशे वर्षांच्या सहवासातून गोव्यात जे संगीत, जी वास्तुकला आणि जी राहणी निर्माण झाली, ती सर्वच लादलेली म्हणून बाजूला सारता येईल काय, असा प्रश्न अभ्यासक विचारतात. तो अयोग्य नाही. परंतु ज्या राजवटीत प्रतिपक्षाला बोलताच येत नव्हते, तिच्याविषयी लिहिताना कुन्हा यांनी न्यायाधीशाची नव्हे, तर फिर्यादीची भूमिका घेतली होती, हे विसरता कामा नये.

१८ जून १९४६ रोजी मडगाव येथे डॉ. राममनोहर लोहिया आणि डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांनी सभाबंदी मोडली. इतके दिवस कागदावर असलेला प्रश्न रस्त्यावर आला. पंचावन्न वर्षांचे कुन्हा त्या लाटेत अग्रभागी होते. जुलैमध्ये त्यांना अटक झाली आणि आग्वादच्या किल्ल्यातील अंधाऱ्या, ओलसर कोठडीत ठेवण्यात आले. लष्करी न्यायासनापुढे उभा करण्यात आलेला हा पहिला गोमंतकीय मुलकी नागरिक. त्यांना आठ वर्षांची शिक्षा झाली. महात्मा गांधींनी ‘हरिजन’मधून गोव्यातील दडपशाहीविरुद्ध लिहिले, त्यामुळे हा प्रश्न देशभर पोहोचला. कुन्हा मात्र देशाबाहेर नेले गेले. पोर्तुगालच्या किनाऱ्यावरील पेनिश येथील सागरी किल्ला हा सालाझारच्या राजकीय बंद्यांचा तुरुंग होता. राम हेगडे, पुरुषोत्तम काकोडकर, लक्ष्मीकांत भेंब्रे, फांचू लोयोला या सहकाऱ्यांनाही पोर्तुगालला हद्दपार करण्यात आले.

अशा रीतीने जो स्वेच्छेने एकदा युरोपात गेला होता, तो दुसऱ्यांदा बेड्यांसह तेथे पोहोचला. भारत स्वतंत्र झाला, तेव्हा कुन्हा बंदिवासात होते. ज्या राष्ट्राचा आपण भाग आहोत असे ते वीस वर्षे सांगत आले, त्या राष्ट्राचा ध्वज उभारला जात असताना ते हजारो मैल दूर अटलांटिकच्या काठी होते. १९५० मध्ये तुरुंगातून सुटका झाली, पण पोर्तुगाल सोडण्याची मोकळीक मिळाली नाही. अखेर १९५३ साली ते तेथून निसटून पॅरिसला पोहोचले आणि त्याच वर्षी मुंबईस आले. वय बासष्ट. गोव्यात पाय ठेवणे आता शक्य नव्हते.

मुंबईत त्यांनी गोवा कृती समिती स्थापन केली आणि ‘फ्री गोवा’ हे इंग्रजी पाक्षिक चालविले. त्यांची भाची बेर्ता द मिनेझिस ब्रागांझा या कामात त्यांच्यासमवेत होत्या. मुंबईतील गोमंतकीय समाज त्या वेळी हजारोंच्या संख्येने होता, परंतु एकजीव नव्हता. ख्रिस्ती आणि हिंदू, मराठीवादी आणि कोंकणीवादी, सत्याग्रहावर विश्वास ठेवणारे आणि शस्त्राचा मार्ग पत्करणारे, विलीनीकरणाचे पुरस्कर्ते आणि पोर्तुगालशी तडजोड चाहणारे, असे अनेक तट होते. स्वातंत्र्यवादी संघटनाही एकाहून अधिक होत्या आणि त्यांचे परस्परांशी पटत नसे. घरी आईवडील, जमीन आणि देवस्थान असलेल्या माणसाला उघडपणे बोलणे परवडत नव्हते. मुंबईत सही केलेल्या पत्रकाची किंमत गोव्यातील भावाला मोजावी लागे. अशा समाजाला एकत्र आणण्याचे साधन म्हणून कुन्हा यांनी वृत्तपत्राकडे पाहिले.

‘फ्री गोवा’ एकटे नव्हते. लँबर्ट मास्कारेन्हस यांचे ‘गोवन ट्रिब्यून’ मुंबईतूनच निघत होते. बेळगाव हे आणखी एक केंद्र होते. मुंबईची मराठी दैनिके गोव्याच्या बातम्या ठळकपणे छापीत. नोव्हेंबर १९५५ पासून सीमेवरील जंगलातून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी गुप्त नभोवाणी केंद्र चालविले, त्याचा आरंभ आंबोलीच्या रानात झाला. छापील पानाला जी सीमा ओलांडायला माणूस लागे, ती हा आवाज माणसावाचून ओलांडू लागला. बंदी घातलेले वृत्तपत्र जवळ सापडणे म्हणजे गोव्यात तुरुंगाची वाट, हे सर्वांना ठाऊक होते. तरीही ही पत्रे सीमा ओलांडीत होती.

या सीमेचा उत्तर भाग म्हणजे पेडणे आणि डिचोली. १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेड अफोन्सो यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहींनी तेरेखोलच्या किल्ल्यावर तिरंगा फडकविला. तेरेखोलचा किल्ला नदीच्या उत्तर तीरावर, एका बाजूस भारतीय भूमीला लागून, तरीही पेडणे महालाचा भाग. तेथे ध्वज उभारणारे सत्याग्रही गोमंतकीय होते आणि त्यांचा नेता ख्रिस्ती होता. गोव्यातील ख्रिस्ती जनता पोर्तुगालच्या बाजूची आहे, हा लिस्बनचा प्रचार त्या एका घटनेने उघडा पडला. मे १९५५ मध्ये नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट यांच्या तुकडीने सीमा ओलांडली. १५ ऑगस्ट १९५५ रोजी भारताच्या सर्व प्रांतांतून आलेले हजारो सत्याग्रही एकाच दिवशी गोव्यात शिरले आणि पोर्तुगीज शिपायांनी निःशस्त्र माणसांवर गोळ्या झाडल्या. वीसहून अधिक माणसे प्राणास मुकली. पेडण्याच्या वेशीवरील पत्रादेवी येथे पंजाबचे करनैलसिंग बेनिपाल धारातीर्थी पडले, मध्य प्रदेशातील सहोद्राबाई राय जखमी झाल्या. ज्या प्रश्नाला भारतीय प्रश्न म्हणून मान्यता मिळावी यासाठी कुन्हा १९२८ पासून झटत होते, त्याला पत्रादेवीच्या मातीत अशी रक्ताची साक्ष मिळाली.

त्यानंतर भारत सरकारने सीमा बंद केली, रेल्वे थांबली, पैसे पाठविण्यावर निर्बंध आले. कुन्हा यांनी पूर्वी मांडलेला हिशेब आता प्रत्यक्ष कसोटीला लागला. परगावचा पैसा आटला, तर राजवट कोलमडेल अशी अनेकांची अपेक्षा होती. त्या बंदीची झळ प्रथम लागली ती मुंबईच्या मुलाकडून येणाऱ्या पैशावर जगणाऱ्या म्हाताऱ्या आईबापांना. पोर्तुगीज सरकारने मात्र दुसरा मार्ग शोधला होता. डिचोली आणि सत्तरीच्या डोंगरांतील लोहखनिज जपान आणि युरोपकडे जाऊ लागले होते. स्थलांतरिताच्या घामाची जागा खाणीच्या मातीने घेतली. डिचोलीतील शेतकऱ्याचा मुलगा मुंबईस जाण्याऐवजी खाणीवर जाऊ लागला आणि त्या खनिजाच्या पैशावर राजवटीने आणखी काही वर्षे काढली. एकट्या आर्थिक कोंडीने हा प्रश्न सुटणार नाही, हे १९५५ नंतर स्पष्ट होत गेले. दिल्लीच्या संथ धोरणावर टीका करण्यास कुन्हा कचरले नाहीत.

दुसरी लढाई शब्दांची होती. १९५१ साली पोर्तुगालने आपल्या वसाहतींना सागरापारचे प्रांत असे नवे नाव दिले. वसाहत नाही, तर वसाहतमुक्ती कशाची, असा हा युक्तिवाद. डिसेंबर १९५५ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस आणि पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री पाउलो कुन्हा यांनी काढलेल्या संयुक्त पत्रकात पोर्तुगालच्या त्या प्रांतांचा उल्लेख आला आणि भारतात संतापाची लाट उसळली. एकाच आडनावाची दोन माणसे त्या वेळी गोव्याविषयी जगाशी बोलत होती. एकाच्या मागे शासन, वकिलाती आणि पाश्चात्त्य राष्ट्रांची मैत्री होती. दुसऱ्याच्या मागे मुंबईतील एक पाक्षिक होते. पोर्तुगीज, फ्रेंच आणि इंग्रजी या तिन्ही भाषांवरील प्रभुत्वामुळे लिस्बनचा युक्तिवाद मुळातून वाचून तो जगाच्या भाषेत खोडून काढण्याची क्षमता या दुसऱ्या कुन्हांकडे होती. परप्रांतात आणि परदेशात काढलेल्या वर्षांचे त्यांनी मातृभूमीला केलेले हे परतदान होय.

त्यांच्या कार्याला मर्यादा होत्या. त्यांनी मराठीत लिहिले नाही. पेडणे-डिचोलीच्या मराठी वाचकापर्यंत त्यांचा विचार पोहोचला तो दुसऱ्यांच्या लेखणीतून, सभांतून आणि कानोकानी. त्यांचा स्वभाव तडजोडीचा नव्हता, त्यामुळे सहकाऱ्यांशी मतभेद झाले आणि सर्व संघटनांना एका छत्राखाली आणण्याचा हेतू पूर्णत्वास गेला नाही. मात्र गोव्याविषयी बोलताना त्यांनी ख्रिस्ती गोवा आणि हिंदू गोवा, जुन्या काबिजादी आणि नव्या काबिजादी, आतला गोमंतकीय आणि बाहेरचा गोमंतकीय असा भेद कधी केला नाही. समाजाचे तुकडे झालेले असताना ही दृष्टी सोपी नव्हती.

२६ सप्टेंबर १९५८ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले. शिवडीच्या दफनभूमीत त्यांना मूठमाती देण्यात आली. पुढच्याच वर्षी जागतिक शांतता परिषदेने त्यांना मरणोत्तर सुवर्णपदक दिले. त्यांच्या लेखांचा संग्रह १९६१ साली मुंबईत प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी १७ डिसेंबर रोजी डिचोली तालुक्यातील मावळिंगे येथे भारतीय सैन्याची पोर्तुगीजांशी पहिली चकमक उडाली आणि १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला. कुन्हा ही घटना पाहण्यासाठी तीन वर्षांनी कमी पडले.

गोवा मुक्त झाल्यावर परागंदा झालेले बहुतेक जण घरी आले. कुन्हा यांना मात्र आणखी पंचवीस वर्षे थांबावे लागले. १९८६ साली त्यांचे अवशेष शिवडीहून गोव्यात आणण्यात आले आणि पणजीच्या आझाद मैदानावर त्यांचे स्मारक झाले. १९४६ साली बेड्या घालून ज्याला या भूमीतून नेले, तो चाळीस वर्षांनी परत आला.

आज पेडणे-डिचोलीचा तरुण मुंबईबरोबरच आखाती देशांत, इंग्लंडात, जहाजांवर आणि अमेरिकेत आहे. त्याचा पैसा घरी येतो आणि गावातील घरे त्यावर उभी राहतात. कुन्हा यांच्या काळातील परकीय सत्ता आता नाही. तरीही गावातला मुलगा गाव सोडून का जातो, हा त्यांनी विचारलेला प्रश्न अजून शिल्लक आहे, आणि परगावच्या पैशाने घराच्या भिंती रंगल्या म्हणून तो मिटत नाही. ज्या वृत्तपत्रांच्या प्रती एके काळी अंगरख्याखाली लपवून या सीमेवरून आणल्या जात, त्या आज ग्रंथालयाच्या टेबलावर उघड्या ठेवून वाचता येतात. कोणी मनाई करीत नाही. हे सोपे वाचन किती महागात पडले, याचा हिशेब कुन्हा यांच्या चरित्रात आहे. ते चरित्र मराठीत सविस्तर लिहिले जावे आणि पेडणे-डिचोलीच्या ग्रंथालयांत ते हाताशी असावे. ज्या वाचकापर्यंत त्यांची लेखणी हयातीत थेट पोहोचू शकली नाही, त्याच्यापर्यंत ती निदान आता तरी पोहोचेल.